चार घरं आणि एक शेंग

मागच्या व्याख्यानात आपण पेशीच्या केंद्रकापर्यंत आलो होतो. गुणसूत्रं जोडीनं असतात, जोडीतलं एक आईकडून आणि एक वडिलांकडून येतं, इथं आपण थांबलो होतो. आज त्याच्या पुढचं पाऊल, म्हणजे आनुवंशिकतेचे मूलभूत नियम. पण ते नियम नुसते सांगणं हा आजचा हेतू नाही. नियम शाळेच्या पुस्तकात आहेतच. आज आपल्याला ते ज्या पद्धतीनं शिकवले जातात, ज्या शब्दांत आणि ज्या चित्रांत मांडले जातात, त्याची जरा झाडाझडती घ्यायची आहे. आणि त्यात आमची स्वतःचीही झाडाझडती आलीच, कारण वर्षानुवर्षं आम्हीही तसंच शिकवत आलो.

सुरुवात एका प्रसंगापासून करू. काही वर्षांपूर्वी चंद्रपूरकडच्या एका गावात आम्ही सिकलसेल या आजारावर बोलायला गेलो होतो. शाळेच्या खोलीत फळा होता. आम्ही नेहमीसारखा चौकोन काढला, त्याची चार घरं केली. वर वडिलांची दोन अक्षरं, डावीकडे आईची दोन. आई एएस, वडील एएस. मग एकेक घर भरलं: एक एए, दोन एएस, एक एसएस. शेवटच्या घराला लाल खडूनं गोल केला आणि सांगितलं, ‘चारातला एक.’ लोकांनी माना डोलावल्या. आम्हाला वाटलं, पोचलं.

सगळे गेल्यावर एक बाई थांबल्या. कडेवर लहान पोर. म्हणाल्या, “पहिला पोरगा एसएस निघाला जी. तुम्ही म्हणता चारातला एक. मग आमचा एक तर होऊन गेला ना? आता पुढचे बरे निघतील ना?”

मंडळी, या प्रश्नावर आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. पहिली प्रतिक्रिया अशी झाली की, बाईंना कळलं नाही. पण फळ्याकडे वळून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की बाईंनी चित्र अगदी बरोबर वाचलं होतं. चार घरं, त्यातलं एक लाल. लाल घर वापरून झालं, तर उरली किती? तीन. आणि तिन्ही चांगली. आम्ही काढलेलं चित्र हेच सांगत होतं. चूक असली तर ती फळ्यावर होती.

आता हा चौकोन मुळात आहे काय, ते बघू. रेजिनाल्ड पनेट या इंग्रज शास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो रूढ केला, म्हणून त्याला पनेटचा चौकोन म्हणतात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. अपत्याला देताना आई दोनातली एकच देते, वडीलही दोनातली एकच देतात, आणि कोणती जाईल हे कुणी ठरवत नाही. भिशीत चिठ्ठी काढतात तसं समजा. आईच्या डब्यात दोन चिठ्ठ्या, वडिलांच्या डब्यात दोन चिठ्ठ्या. प्रत्येक डब्यातून एकेक निघाली की त्या जोडीतून मूल घडतं.

पण इथं एक गोष्ट चौकोन सांगत नाही, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. भिशीत निघालेली चिठ्ठी बाजूला ठेवतात. ज्याला पैसे मिळाले त्याचं नाव पुन्हा येत नाही. इथं मात्र चिठ्ठी पुन्हा डब्यात जाते. दुसऱ्या मुलाच्या वेळी डबा तोच, चिठ्ठ्या त्याच दोन. मागच्या वेळी काय निघालं होतं, याची डब्याला आठवण नसते. म्हणजे चौकोनातली चार घरं ही चार मुलं नव्हेत. एकाच मुलाच्या चार शक्यता आहेत. दर खेपेला नवा चौकोन.

ही गोष्ट ग्रेगोर मेंडेलला पक्की ठाऊक होती. मेंडेल ब्रनोच्या मठातला धर्मगुरू. १८५६ पासून पुढची सातेक वर्षं त्यानं मठाच्या बागेत वाटाण्याचे प्रयोग केले, १८६५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये दोन बैठकांत निबंध वाचला आणि १८६६ मध्ये तो छापून आला. आपल्या पुस्तकांत त्यातलं एकच वाक्य उरलं आहे: गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांचा संकर केला, दुसऱ्या पिढीत तीनास एक हे प्रमाण आलं. बस्स. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात.

मूळ निबंधात काय आहे? २५३ झाडं. त्यांचे ७,३२४ दाणे. त्यातले ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. भागाकार केला तर २.९६ येतात. तीनाच्या अगदी जवळ. पण मेंडेल तिथं थांबत नाही. तो एकेका झाडाचेही आकडे देतो. एका झाडावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले. दुसऱ्यावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले! हिरव्या-पिवळ्याच्या प्रयोगात एका झाडावर ३२ पिवळे आणि एकच हिरवा, तर दुसऱ्यावर २० पिवळे आणि १९ हिरवे. कुठे गेलं तीनास एक? तो असंही नोंदवतो की एखाद्या शेंगेत सगळेच्या सगळे दाणे गोल निघतात. एका शेंगेत दाणे असतात साधारण सहा ते नऊ.

म्हणजे तीनास एक हे प्रमाण सात हजार दाण्यांत दिसतं. एका झाडावर ते डगमगतं. एका शेंगेत दिसेलच असं नाही. आणि मंडळी, आपलं घर म्हणजे काय? एक शेंग. तीही दोन-तीन दाण्यांची. पुस्तकांनी सात हजार दाण्यांचा निष्कर्ष उचलला आणि तो दोन दाण्यांच्या शेंगेवर चिकटवला, एवढीच आमची तक्रार आहे. मेंडेलचे ते ४३-२ आणि १४-१५ हे आकडे धड्यात आले असते तर एक ओळ वाढली असती, पण संभाव्यता म्हणजे काय, हे मुलांना कायमचं कळलं असतं.

थोडा हिशोब करू, अवघड नाही. समजा, आई-वडील दोघंही एएस आहेत अशी २५६ कुटुंबं आहेत आणि प्रत्येकाला चार-चार मुलं आहेत. फळ्यावरच्या चित्राप्रमाणे प्रत्येक घरात बरोबर एक मूल एसएस असायला हवं. गणित काय सांगतं? सरासरीनं ८१ कुटुंबांत एकही मूल आजारी नसेल. १०८ कुटुंबांत एक. ५४ कुटुंबांत दोन. १२ कुटुंबांत तीन. आणि एका कुटुंबात चारही. म्हणजे ‘चारातला एक’ हे चित्र निम्म्याहून जास्त घरांत खोटं ठरतं. ज्या ८१ घरांत कुणीच आजारी नाही, ते म्हणतील, डॉक्टर उगाच घाबरवतात. ज्या एका घरात चारही मुलं आजारी आहेत, तिथं काय म्हणतील ते आपल्याला माहीत आहे. कुणाची नजर लागली, कुणाचा शाप, सुनेचा पायगुण. नियम सगळ्या घरांत एकच होता. वाट्याला आलेल्या चिठ्ठ्या वेगळ्या होत्या.

हीच चूक आपण आणखी एका ठिकाणी करतो, आणि तिथं तर चौकोनही काढावा लागत नाही. ‘तीन मुली झाल्या, आता मुलगाच होणार.’ किती घरांत ऐकलंय आपण! मूल मुलगा होणार की मुलगी, हे शुक्राणूतून एक्स गुणसूत्र आलं की वाय, यावर ठरतं. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधक बाईंनी १९०५ मध्ये पिठातल्या किड्यांवर काम करून हा संबंध दाखवून दिला. दर वेळी शक्यता जवळजवळ निम्मी-निम्मी. तीन मुलींनंतरही निम्मीच. डब्याला आठवण नाही. आपल्याकडे मात्र नको असलेल्या मुलीचं नाव ‘नकुशी’ ठेवायचं, म्हणजे पुढच्या खेपेला मुलगा होतो, असं मानणारी घरं होती. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा मुलींची नावं बदलण्याचा जाहीर कार्यक्रम घ्यावा लागला. त्या मुलींनी आयुष्यभर जे नाव वागवलं, त्याच्या मुळाशी मुलगाच हवा हा हट्ट होता, आणि त्याला जोडून डब्याला आठवण असते, हा गैरसमजही होता.

इथं एक सावधगिरी. ‘मुलगी होण्याला बाप जबाबदार’ असं आता सर्रास सांगितलं जातं. आईवरचा दोष काढण्यासाठी ते सांगणं समजू शकतं. पण दोष एका खांद्यावरून काढून दुसऱ्या खांद्यावर ठेवणं, हेही आनुवंशिकतेचं शिक्षण नव्हे. बापही चिठ्ठी निवडत नाही. आणि मुलगी होणं हा मुळात दोषच नाही.

चित्रानंतर आता शब्दांकडे येऊ. पहिला शब्द: प्रभावी आणि अप्रभावी. मेंडेलनं जर्मनमध्ये जो शब्द वापरला त्याचा रोख ‘मागे सरणारा’ असा आहे. आपण मराठीत त्याला ‘अप्रभावी’ केलं. आता साध्या बोलण्यात अप्रभावी म्हणजे काय? ज्याचा परिणाम होत नाही ते. औषध अप्रभावी ठरलं, योजना अप्रभावी ठरली. मग ‘तुमच्यात अप्रभावी जनुक आहे’ हे ऐकून माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. त्यात त्याचं काय चुकलं?

शिवाय प्रभावी-अप्रभावी हे तुम्ही कुठं बघता यावर ठरतं. मेंडेलचाच वाटाणा घ्या. एक गोल आणि एक सुरकुतीची प्रत असलेला दाणा बाहेरून गोल दिसतो. पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले स्टार्चचे कण बघितले, तर ते पूर्ण गोल दाण्यासारखेही नसतात आणि सुरकुतलेल्यासारखेही नसतात, मधले असतात. सुरकुती येते कशानं, हे १९९० मध्ये जनुकाच्या पातळीवर कळलं. स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या एका एन्झाइमचं जनुक तिथं बिघडलेलं असतं. एक चांगली प्रत दाण्याचा आकार राखायला पुरते, इतकंच. ती दुसऱ्या प्रतीला दाबत नाही, मारत नाही. तिथं कुणी राजा नाही, कुणी गुलाम नाही.

सिकलसेलमध्ये तर हे आणखी स्पष्ट दिसतं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच फरक. दोन्ही प्रती ‘एस’ असल्या की ऑक्सिजन कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात, रक्त कमी होतं. एकच प्रत ‘एस’ असेल, तर बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. पण म्हणून ती प्रत गप्प बसलेली नसते. एएस माणसाच्या रक्ताची तपासणी केली, तर दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन शेजारी-शेजारी दिसतं. आणि अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवलं की हीच एक प्रत गंभीर मलेरियापासून संरक्षण देते. म्हणून तर मलेरियाच्या प्रदेशांत ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या जंगलपट्ट्यात ती आज का आढळते, याचं उत्तर तिथल्या मलेरियाच्या इतिहासाकडे बोट दाखवतं. ज्या गोष्टीनं पूर्वजांची पोरं वाचली, तिला आपण ‘अप्रभावी’ म्हणतो. ‘झाकलेला’ किंवा ‘अप्रकट’ म्हटलं असतं, तर गोंधळ बराच कमी झाला असता.

दुसरा शब्द: वाहक. एसटीत बसलं की चालकाच्या मागे वाहक. ते ठीक. पण आरोग्य खात्याच्या भिंतीवर काय लिहिलेलं असतं? डास हा मलेरियाचा वाहक आहे. आणि त्याच भिंतीवर दुसरीकडे ‘सिकलसेल वाहक’. मग गाव काय समजणार? की ही मुलगी रोग वाहून नेते, हिच्यापासून तो पसरतो. हिच्या हातचं पाणी प्यावं की नाही, इथपर्यंत गोष्ट जाते. लग्न जमवताना मुलीचा रिपोर्ट मागतात आणि मुलाचा दाखवतच नाहीत. सिकलसेल शिवण्यानं, उष्ट्यानं, एकत्र राहण्यानं होत नाही. तो फक्त जन्मानं येतो, आणि आजार व्हायला दोन्हीकडून एकेक प्रत यावी लागते. ‘हिच्याकडे एक प्रत आहे’ एवढं म्हटलं तरी पुरतं. ऐकणारा लगेच विचारतो, ‘आणि दुसऱ्याकडे?’ आणि खरा प्रश्न तोच आहे.

कारण नियम सांगतो तो असा. एएस मुलीनं एए मुलाशी लग्न केलं, तर एकही मूल सिकलसेलचा रुग्ण होत नाही. प्रत्येक मुलात एक प्रत असण्याची शक्यता निम्मी. म्हणजे एएस मुलीनं लग्न करू नये, हे कुठल्याही चौकोनात लिहिलेलं नाही. जोडीदाराची तपासणी हवी, इतकंच. तीही नीट हवी. कारण जोडीदाराकडे ‘एस’ नसला पण थॅलेसेमियाची एक प्रत असली, तरी मुलाला सिकलसेलसारखाच आजार होऊ शकतो. आणखी एक हिशोब घरोघरी सांगायला हवा. ज्याचा भाऊ किंवा बहीण एसएस आहे आणि आई-वडील दोघंही एएस आहेत, अशा निरोगी मुलात एक प्रत असण्याची शक्यता तीनात दोन असते. निम्मी नव्हे. कारण एसएसचं घर त्याच्यापुरतं बाद झालं. उरलेल्या तीन घरांपैकी दोन एएसची आहेत. ‘मला काही होत नाही, मी कशाला तपासू?’ असं म्हणणाऱ्या भावाला हे सांगा.

तिसरी गोष्ट, उदाहरणांची. शाळेत मेंडेलचा नियम माणसाला लावून दाखवायचा म्हणून जीभ गोल वळवायला सांगतात, कानाची पाळी चिकटलेली की सुटी ते बघायला सांगतात. जीभ वळवणं आनुवंशिक आहे असं आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९४० मध्ये मांडलं. पुढे १९५२ मध्ये एकसारख्या जुळ्यांची पाहणी झाली. काही जोड्यांत एकाला जीभ वळवता येत होती आणि दुसऱ्याला नाही. जनुकं तीच, जीभ वेगळी. मग एका जनुकाचा खेळ कसा? १९६५ मध्ये स्टर्टेव्हंट यांनी आपला दावा टिकत नाही, हे स्वतःच मान्य केलं. शास्त्रज्ञानं चूक मागे घेतली, वर्गातला प्रयोग मात्र चालूच राहिला. हे गमतीचं वाटेल. पण एखादं पोर घरी जाऊन आई-बाबांना जीभ वळवायला लावतं, दोघांनाही येत नाही, आणि मग त्याला प्रश्न पडतो की मला कशी येते? बारशाला आपण म्हणतोच, नाक आत्यावर गेलंय, डोळे मामाच्या वळणावर गेलेत. त्या बोलण्यात मौज आहे, दावा नाही. नाक, रंग, उंची यांत अनेक जनुकांचा हात असतो, वाढीच्या काळातल्या अन्नाचाही असतो. त्यांना दोन अक्षरांच्या चौकोनात बसवू नये.

मग चौकोन टाकून द्यायचा का? मुळीच नाही. दोन एएस आई-वडिलांची शक्यता इतक्या थोडक्यात सांगणारं दुसरं साधन आमच्या पाहण्यात नाही. पण त्याच्याखाली दोन ओळी लिहिल्याशिवाय तो फळ्यावर काढू नये. पहिली: ही चार मुलं नव्हेत. दुसरी: दर वेळी पहिल्यापासून.

हे आज का सांगायचं, तर सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं उद्दिष्ट आहे. तपासणी होईल, कागद हातात येतील. पण कागदावरच्या दोन अक्षरांचा अर्थ ज्या भाषेत सांगितला जाईल, त्यावर त्या घरातली लग्नं आणि मुलं अवलंबून आहेत. यंत्र बरोबर उत्तर देईल आणि शब्द ते बिघडवून टाकतील, असं होऊ नये.

आता त्या बाईंकडे परत येऊ. आम्ही त्यांना बाकावर बसवलं. खिशातली दोन नाणी काढली. एक आईचं, एक बाबाचं. छापा म्हणजे ए, काटा म्हणजे एस. म्हटलं, ताई, तुम्हीच उडवा. पहिल्यांदा एक छापा, एक काटा. दुसऱ्यांदा दोन छापे. तिसऱ्यांदा दोन काटे. त्यांनी लगेच चौथ्यांदा नाणी उडवली, आणि पुन्हा दोन काटे पडले. बाई नाण्यांकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “म्हणजे पुन्हा होऊ शकते.” आम्ही म्हटलं, होऊ शकतं, आणि नाहीही होऊ शकत, दर वेळी चारात तीन वेळा होणार नाही. पण गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत तपासणी करता येते, त्यासाठी आधीच मोठ्या दवाखान्यात जाऊन बोलावं लागतं, आणि काय करायचं हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवायचं. आणि पहिल्या पोराला औषध चालू ठेवा, त्याला पाणी भरपूर पाजा, ताप आला तर थांबू नका.

त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, “हे नाणी उडवायचं सगळ्यांसमोर कावून नाही केलं जी?”

तेव्हापासून आम्ही चौकोन काढण्याआधी नाणी उडवतो. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांनाही तीच विनंती. चाळीस मुलांचा वर्ग, प्रत्येकाकडे दोन नाणी, चार-चार वेळा उडवा, आणि कुणाच्या वहीत ‘चारातला एक’ बरोबर आला ते मोजा. निम्म्याहून जास्त वह्यांत तो आला नाही, तर निराश होऊ नका. धडा तिथंच सुरू होतो.

पुढच्या व्याख्यानात एकाच जनुकानं न ठरणाऱ्या गोष्टींकडे, उंची आणि मधुमेहाकडे वळू.